प्लॅटफॉर्म बदलला तरी ट्रेझरी थांबू नये: पायरीपायरीने सविस्तर मांडणी

१० मार्च २०२३, शुक्रवार. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक नियामकांनी ताब्यात घेतली. आदल्या एकाच दिवसात ठेवीदारांनी सुमारे ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या सूचना दिल्या होत्या. रविवारी सगळ्या ठेवींना सरकारी हमी मिळाली आणि सोमवारी खाती खुली झाली. पण मधल्या शनिवार-रविवारी, ज्यांचे सगळे पैसे त्या एकाच बँकेत होते अशा कंपन्यांच्या ट्रेझरीपुढे, म्हणजे रोख, कर्जे आणि पेमेंट सांभाळणाऱ्या विभागापुढे, दोन प्रश्न उभे होते. पैसे मिळतील का, हा पहिला. त्याचे उत्तर त्यांच्या हातात नव्हते. दुसरा प्रश्न असा, की सोमवारी पगाराची फाइल दुसऱ्या बँकेतून पाठवता येईल का? हा प्रश्न मात्र सर्वस्वी तयारीचा होता. दुसरे खाते उघडलेले हवे, सह्यांचे अधिकार तिथे नोंदलेले हवेत आणि त्या बँकेला चालेल अशी फाइल आपल्या यंत्रणेतून निघायला हवी. शनिवारी सकाळी सुरुवात करून ही कामे सोमवारपर्यंत उरकत नाहीत.

ट्रेझरीच्या तंत्रज्ञानाची लवचिकता म्हणजे नेमके हेच. कोणतेही एक सॉफ्टवेअर, एक बँक, एक डेटाबेस किंवा एक क्लाउड हातातून गेले, तरी रोख किती आहे हे सांगता आले पाहिजे आणि पैसे पाठवता आले पाहिजेत.

‘प्लॅटफॉर्मवर अवलंबून नाही’ हे शब्द सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हमखास दिसतात. तिथे बहुतेक वेळा एवढेच म्हणायचे असते, की हे उत्पादन कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर किंवा ब्राउझरमध्ये चालते. तो या विषयाचा सर्वात खालचा आणि सर्वात सोपा थर झाला. त्याच्या वर ट्रेझरी सॉफ्टवेअर, म्हणजे टीएमएस असते. त्याच्या पुढे बँकेशी जोडणी, आणि जोडणीच्या पलीकडे स्वतः बँक. शिवाय व्याजदर आणि विनिमय दर पुरवणारे वेगळेच. यातल्या प्रत्येक ठिकाणी तुम्ही अडकू शकता. माझे ठाम मत असे, की अडकायचे नसेल तर तीन गोष्टी स्वतःच्या मालकीच्या असाव्या लागतात: डेटा, फाइलींची स्वरूपे आणि नियम. बाकी सगळे भाड्याने घेतले तरी चालते. पुढच्या पायऱ्या या तीन गोष्टी हळूहळू स्वतःकडे आणण्याच्या आहेत.

पहिली पायरी: कुठे अडकलो आहोत ते शोधा

नवीन सॉफ्टवेअरची सादरीकरणे पाहायला बसण्याआधी एक यादी करा. प्रत्येक बँक खाते, त्याचे चलन, सह्यांचे अधिकार कोणाकडे, स्टेटमेंट कशातून येते आणि कोणत्या स्वरूपात, पेमेंट कसे जाते, टोकन किंवा स्मार्टकार्ड कोणाच्या ताब्यात, आणि हे सगळे कोणत्या संगणकावर चालते. शेवटचा रकाना गाळू नका. गूगल क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लग-इनना आधार देणे थांबवले, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपले आणि इंटरनेट एक्सप्लोररची डेस्कटॉप आवृत्ती १५ जून २०२२ ला निवृत्त झाली. बँकांच्या पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरी करण्याचे घटक अनेकदा याच तंत्रांवर उभे असत. म्हणून एखाद्या कोपऱ्यात जुना संगणक फक्त एका बँकेसाठी जपून ठेवलेला सापडतो. तो ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी त्या बँकेतले पैसे हलणार नाहीत.

कागदावरची प्रक्रिया वाचून ही यादी पूर्ण होत नाही. रोज सकाळी रोख स्थिती काढणाऱ्या व्यक्तीशेजारी बसा. एक पेमेंट ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीच्या लेखा-खरेदीच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, तयार झाल्यापासून बँकेने खात्याला नावे टाकेपर्यंत आणि स्टेटमेंटची एक ओळ बँकेपासून लेखा नोंदीपर्यंत, पूर्ण वाट पाहा. वाटेत कुठे फाइल डाउनलोड होते, कुठे कोणी हाताने रकाना सरकवते, कुठे कोणीतरी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याने लिहिलेला मॅक्रो (एक्सेलमधली छोटी आज्ञावली) चालवते, हे सगळे टिपून घ्या.

एक्सेलचे थांबे विशेष लक्ष देऊन पाहा. एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच अचूक धरते. सोळा किंवा अधिक अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून उघडला की पुढचे अंक शून्य होतात आणि सुरुवातीची शून्ये गळून पडतात. फाइल बिनतक्रार जतन होते, चूक बँकेकडून परत आल्यावर कळते. खाते क्रमांक ही संख्या नाही, तो मजकूर आहे. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा: हे उद्या बंद पडले तर किती तासांत पर्याय उभा राहील? ज्या ओळीपुढे कोणाकडेच उत्तर नाही, तिथून कामाला लागा.

दुसरी पायरी: डेटा आपल्या भाषेत ठेवा

बहुतेक कंपन्या इथे घाई करतात आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची किंमत मोजतात. टीएमएस बसवताना त्या सॉफ्टवेअरचेच कोड आणि खाते ओळख क्रमांक स्वीकारले जातात. मग लेखा विभागाचे अहवाल, डेटा वेअरहाउस, बजेटची कोष्टके सगळीच त्या क्रमांकांवर उभी राहतात. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की फक्त एक उत्पादन बदलायचे नसते, कंपनीभर पसरलेली त्याची मुळे उपटावी लागतात.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी स्वतःची डेटा रचना ठरवा. नवे काही शोधून काढायचे नाही. जागतिक मानके तयार आहेत. चलनासाठी आयएसओ ४२१७ चे तीन अक्षरी कोड, बँकेसाठी आयएसओ ९३६२ प्रमाणे बीआयसी, खात्यासाठी जिथे लागू असेल तिथे आयएसओ १३६१६ चा आयबीएएन, ज्याची लांबी जास्तीत जास्त ३४ अक्षरे असते, आणि कायदेशीर संस्थेसाठी आयएसओ १७४४२ चा २० अक्षरी एलईआय. त्यावर प्रत्येक खात्याला, समूहातल्या प्रत्येक कंपनीला आणि प्रत्येक सौद्याला कंपनीचा स्वतःचा ओळख क्रमांक द्या. टीएमएस आपला अंतर्गत क्रमांक खुशाल ठेवो, पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक अहवालात आणि फाइलीत तुमचाच क्रमांक दिसला पाहिजे.

रकमांबाबत काटेकोर राहा. प्रत्येक चलनाला दोन दशांश स्थळे नसतात: जपानी येनला एकही नाही, तर कुवैती, बहारिनी आणि ओमानी चलनांना तीन आहेत. दोन दशांश गृहीत धरणारी यंत्रणा कुवैती दिनारच्या पेमेंटमध्ये दहापट चूक करू शकते. रकमा नेहमी दशमान प्रकारात साठवा. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि लाखो ओळींच्या ताळमेळात हे पैसे-दोन पैशांचे फरक शोधण्यात दिवस जातात. जमा आणि नावे यांपैकी कोणती बाजू धन धरायची, हेही एकदाच ठरवा. वेळ साठवताना ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवा; मूल्य तारीख (रक्कम ज्या दिवसापासून खात्यात धरली जाते ती) मात्र वेळेचे रूपांतर न करता बँकेने दिली तशीच ठेवा. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या, तर रात्रीच्या सुमारास आलेल्या रकमा आज येतात की उद्या यावर रोज वाद होतो.

सौद्यांच्या बाबतीत मूळ अटी साठवा. फक्त मूल्यांकनाचे आकडे पुरत नाहीत. फॉरवर्ड सौद्याची (पुढच्या तारखेला आजच ठरवलेल्या दराने चलन घेण्या-देण्याच्या कराराची) रक्कम, दर, तारीख, प्रतिपक्ष. कर्जाची दिवस मोजण्याची पद्धत, सुट्टीचे कॅलेंडर, व्याजदराचा संदर्भ, व्याजदर पुन्हा ठरण्याच्या तारखा. या अटी तुमच्याकडे स्वच्छ असतील, तर कोणत्याही यंत्रणेत मूल्यांकन पुन्हा काढता येते. लायबॉर, म्हणजे असंख्य कर्जांना आधार असलेला लंडनचा आंतरबँक व्याजदर, बंद झाला तेव्हा हे फार ठळकपणे दिसले. बहुतेक चलनांचा लायबॉर २०२१ अखेरीस थांबला आणि डॉलर लायबॉरचे उरलेले दर ३० जून २०२३ नंतर बँकांच्या पॅनेलवरून येणे बंद झाले. लायबॉरमध्ये व्याजकाळाच्या सुरुवातीलाच दर माहीत असे. डॉलर लायबॉरची जागा घेणाऱ्या सोफरसारखा दर रोजच्या चक्रवाढीने मोजला की व्याजाची रक्कम काळ संपता संपता कळते. ज्या यंत्रणांनी ‘दर आधी माहीत असतो’ हे गृहीतक कोडमध्येच पुरले होते, तिथे बदल जड गेला. ज्यांच्याकडे प्रत्येक कर्जाचा संदर्भ दर आणि पर्यायी दराचे कलम वेगळ्या रकान्यात होते, त्यांना कोणते करार बदलायचे याची यादी तरी लगेच काढता आली.

आणखी एक सवय, जिला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो: बँकेकडून आलेला प्रत्येक संदेश आला तसा, एक अक्षरही न बदलता, वेगळ्या साठ्यात ठेवा. टीएमएस त्याचे वाचन करून त्यातला काही भाग टाकून देते. मूळ फाइल तुमच्याकडे असेल, तर उद्याच्या यंत्रणेत संपूर्ण इतिहास पुन्हा वाचता येतो. साठवायला खर्च जवळजवळ नाही, आणि नंतर बँकेकडून जुनी स्टेटमेंट मागवण्याचा त्रास ज्याने सोसला आहे त्याला याचे मोल सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी: बँकांची जोडणी टीएमएसच्या पोटातून बाहेर काढा

बँक बदलायची असो वा सॉफ्टवेअर, सर्वात जास्त वेळ जोडणी खाते. म्हणून ती स्वतंत्र थरात ठेवा. एका बाजूला तुमच्या यंत्रणा तुमच्या एकाच अंतर्गत स्वरूपात बोलतील. दुसऱ्या बाजूला प्रत्येक बँकेसाठी एक छोटा रूपांतरक असेल. बँक वाढली तर एक रूपांतरक वाढेल. टीएमएस बदलले तर बँकांकडे काहीही कळवावे लागणार नाही.

वाहतुकीचे मार्ग मोजकेच आहेत. एसएफटीपी या फाइली सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीने थेट बँकेच्या सर्व्हरला जोडणे, एकदोन मोठ्या बँका असतील तर पुरेसे आणि स्वस्त. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथल्या बँकांसाठी ईबिक्स हा एकच प्रोटोकॉल बऱ्याच बँकांना चालतो. अनेक देशांत अनेक बँका असतील तर स्विफ्ट, म्हणजे बँकांमधल्या संदेशांचे जागतिक जाळे. १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून ही सहकारी संस्था उभी केली. आज कंपन्याही स्वतः किंवा सेवा केंद्रामार्फत तिच्या जाळ्यात येऊ शकतात. आणि चौथा मार्ग एपीआयचा, म्हणजे दोन यंत्रणांनी एकमेकींशी थेट बोलण्याचा: शिल्लक त्या क्षणी विचारायची असेल, पेमेंट लगेच जायला हवे असेल, तर तो उत्तम. पण प्रत्येक बँकेचे एपीआय वेगळे, ओळख पटवण्याची रीत वेगळी, चुकांचे कोड वेगळे. म्हणून एपीआय आले की रूपांतरकाची गरज उलट वाढते.

मार्गापेक्षा स्वरूपाकडे अधिक लक्ष द्या. जुने एमटी ९४० स्टेटमेंट (स्विफ्टच्या जुन्या ‘एमटी’ संदेशांपैकी एक) आजही सर्वत्र भेटते. त्यात व्यवहाराचा तपशील ८६ क्रमांकाच्या रकान्यात, ६५ अक्षरांच्या जास्तीत जास्त सहा ओळींत येतो, आणि त्या ओळींत काय कुठे लिहायचे हे प्रत्येक बँक आपल्या मनाने ठरवते. त्या मजकुरावर नियम लिहून केलेला आपोआप ताळमेळ त्या बँकेलाच बांधलेला असतो. आयएसओ २००२२ या आर्थिक संदेशांच्या नव्या मानकातल्या कॅम्ट.०५३ स्टेटमेंटमध्ये पाठवणारा, संदर्भ, बीजक क्रमांक, व्यवहाराचा प्रकार यांना वेगवेगळ्या जागा आहेत. पेमेंटसाठी पेन.००१, त्याच्या स्थितीसाठी पेन.००२, दिवसातल्या हालचालीसाठी कॅम्ट.०५२, जमा-नावे सूचनेसाठी कॅम्ट.०५४. तुमचे अंतर्गत स्वरूप यांच्या रचनेवर बेतले, तर पुढची बरीच कामे वाचतील.

पण मानक आहे म्हणजे सगळीकडे सारखेच असेल, या समजुतीत राहू नका. एकाच पेन.००१ च्या २००९ आणि २०१९ च्या आवृत्त्या बाजारात शेजारी शेजारी वापरात आहेत, आणि एकाच आवृत्तीतही एक बँक एखादा रकाना सक्तीचा मानते तर दुसरी तो नाकारते. हे फरक कमी करण्यासाठी बँका, कंपन्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी मिळून सीजीआय-एमपी या गटात समान मार्गदर्शिका तयार केल्या आहेत. बँकेशी बोलताना थेट विचारा: तुम्ही या मार्गदर्शिकेप्रमाणे फाइल घेता का, आणि कुठे वेगळे वागता? उत्तर लेखी घ्या.

मानकेही थांबून राहत नाहीत. बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय पेमेंट सूचनांसाठी स्विफ्टवर एमटी आणि आयएसओ २००२२ एकत्र चालण्याचा काळ २० मार्च २०२३ ला सुरू झाला आणि २२ नोव्हेंबर २०२५ ला संपला. पुढचा टप्पा पत्त्याचा: नोव्हेंबर २०२६ पासून संपूर्ण पत्ता मोकळ्या ओळींत लिहून चालणार नाही, निदान शहर आणि देश वेगळ्या रकान्यात लागतील असे ठरलेले आहे. हा प्रश्न बँकेच्या जोडणीत सुटणारा नाही. पुरवठादारांच्या मूळ नोंदीत शहर वेगळे नसेल तर रूपांतरक ते कुठून आणणार? ईआरपीतल्या मूळ नोंदी स्वच्छ करण्याचे काम आजच सुरू करा, ते वाटते त्यापेक्षा लांबते.

रूपांतरक लिहिताना किंवा विकत घेताना काही गोष्टींवर अडून बसा. प्रत्येक पेमेंटला तुमचा स्वतःचा संदर्भ, ३५ अक्षरांच्या मर्यादेत, उगमापासून स्टेटमेंटपर्यंत टिकला पाहिजे. स्विफ्टच्या पेमेंटला मिळणारा यूईटीआर हा ३६ अक्षरी क्रमांक परत येऊन तुमच्याकडे साठला पाहिजे, कारण पैसे वाटेत कुठे आहेत ते त्यावरूनच कळते. प्रत्येक स्टेटमेंट आत घेताना सुरुवातीची शिल्लक अधिक हालचाली बरोबर अखेरची शिल्लक हे तपासा, आणि आजची सुरुवातीची शिल्लक कालच्या अखेरच्या शिलकेशी जुळते का तेही. या दोन तपासण्यांनी हरवलेले किंवा दोनदा आलेले स्टेटमेंट पकडले जाते. आणि एकच फाइल दोनदा पाठवली गेली तर दुसरी वेळ बँकेपर्यंत पोहोचण्याआधी अडवली गेली पाहिजे. जोडणी मध्येच तुटली, उत्तर आले नाही, म्हणून कोणीतरी पुन्हा पाठवले, हा रोजचा प्रसंग आहे. दुहेरी पेमेंटचा उगम बहुतेकदा तिथेच असतो.

चौथी पायरी: नियम कोडमध्ये पुरू नका

कोणत्या रकमेला किती सह्या, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात रोज शिल्लक ओढायची, कोणत्या व्यवहाराची लेखा नोंद कोणत्या खात्यावर, कोणत्या चलनातल्या जोखमीचे किती टक्के हेजिंग (दरांच्या चढउतारापासून संरक्षण) करायचे. हे सगळे कोष्टकांत ठेवा आणि ट्रेझरीच्या माणसाला बदलता येईल असे ठेवा. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशियाने युरो स्वीकारला; एका युरोला ७.५३४५० कुना हा दर कायमचा ठरला. ज्यांच्याकडे चलन हे कोष्टकातले मूल्य होते, त्यांनी तारखेसह एक ओळ घातली. असे बदल पुन्हा येणारच, म्हणून प्रत्येक नियमाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन रकाने द्या. कोणी, कधी, कोणाच्या मान्यतेने बदलले याची नोंद आपोआप राहू द्या.

पाचवी पायरी: यंत्रणा कुठे चालवायची

हा थर माहितीपत्रकांचा आवडता. १९९५ मध्ये जावा ही प्रोग्रामिंग भाषा आली ती ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ या आश्वासनासह. २०१३ पासून डॉकर हे कंटेनरचे साधन (कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सगळे यांचा एकत्र बांधलेला गठ्ठा) आणि मग २०१५ मध्ये कंटेनरसाठी ठरलेले खुले मानक यामुळे तेच आश्वासन बरेच प्रत्यक्षात उतरले. कंटेनरमध्ये चालणारी यंत्रणा एका क्लाउडवरून दुसऱ्यावर किंवा स्वतःच्या सर्व्हरवर हलवणे आता आवाक्यात आहे.

अडचण बहुतेकदा डेटाबेसमध्ये असते. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा १९८७ पासून आयएसओ मानक आहे, पण डेटाबेसच्या आत लिहिलेल्या प्रक्रियांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. ट्रेझरीचे अर्धे तर्क तिथे असतील तर डेटाबेस बदलणे म्हणजे यंत्रणा नव्याने लिहिणे. विक्रेत्याला विचारा: तर्क अनुप्रयोगात आहे की डेटाबेसमध्ये? अहवाल आम्हाला हव्या त्या साधनातून काढता येतील की तुमच्याच?

क्लाउडवर गेलो म्हणजे सुटलो, असेही नाही. सेवा म्हणून घेतलेल्या टीएमएसमध्ये सर्व्हरची चिंता मिटते, पण डेटा, आवृत्ती बदलण्याची वेळ आणि भावी दर हे तिघेही दुसऱ्याच्या हातात जातात. लहान टीमला हा सौदा बहुतेकदा परवडतो. फक्त तो डोळे उघडे ठेवून करावा. संपूर्ण स्वातंत्र्याचा हट्टही करू नका. प्रत्येक थर बदलता येण्याजोगा करण्यात पैसा आणि माणसे खर्ची पडतात. पडद्यावरचे तक्ते, अहवालांची मांडणी यांत एखाद्या उत्पादनावर खुशाल अवलंबून राहा. ते गेले तर गैरसोय होईल, पेमेंट थांबणार नाही.

सहावी पायरी: सांध्यांची सुरक्षा

यंत्रणा तुकड्यांत विभागली की सांधे वाढतात, आणि चोर सांध्यातूनच शिरतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत घुसून हल्लेखोरांनी ३५ खोट्या सूचना पाठवल्या; एकूण सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर हलवण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यातले ८ कोटी १० लाख फिलिपिन्समधल्या खात्यांत पोहोचले. स्विफ्टचे जाळे फुटले नव्हते. बँकेच्या स्वतःच्या संगणकांवरून, खऱ्या लॉगिन तपशिलांनी सूचना गेल्या, आणि पुष्टीचे कागद छापणाऱ्या प्रिंटरचे कामही हल्लेखोरांच्या मालवेअरने बिघडवले होते.

कंपनीच्या ट्रेझरीत सर्वात कच्चा सांधा सहसा ईआरपी आणि बँक जोडणी यांच्यामधला फोल्डर असतो. मान्यता ईआरपीत झालेली असते, फाइल साध्या मजकुरात पडून राहते आणि मधल्या वेळात कोणीही खाते क्रमांक बदलू शकतो. उपाय सोपा आहे: मान्यता मिळताच फाइलवर डिजिटल स्वाक्षरी व्हावी आणि जोडणीच्या थराने ती तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. स्वाक्षरीच्या चाव्या टीएमएसच्या आत न ठेवता कंपनीच्या ताब्यातल्या हार्डवेअर सुरक्षा उपकरणात किंवा चाव्यांच्या वेगळ्या सेवेत ठेवा. सॉफ्टवेअर बदलले तरी बँकेकडे नोंदलेल्या चाव्या त्याच राहतील. लॉगिन एसएएमएल किंवा ओपनआयडी कनेक्ट या खुल्या मानकांवर आधारलेले, कंपनीच्या ओळख यंत्रणेला जोडलेले असावे, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश सगळीकडे एकदम बंद होतो. आणि बांगलादेशच्या प्रिंटरवरून घ्यायचा धडा असा, की पुष्टी ज्या वाटेने पेमेंट गेले त्याच वाटेने घेऊ नका. शिल्लक आणि हालचाली दुसऱ्या मार्गाने, दुसऱ्या माणसाने तपासाव्यात.

सातवी पायरी: करारात बाहेरचे दार लिहून घ्या

विक्रेता सर्वात जास्त ऐकून घेतो ते सही होण्याआधी. म्हणून सोडून जाण्याच्या अटी तेव्हाच ठरवा. संपूर्ण डेटा, जोडलेली कागदपत्रे आणि बदलांचा इतिहास यांसह कोणत्या खुल्या स्वरूपात मिळेल, किती दिवसांत, किती शुल्कात. करार संपल्यावर यंत्रणा किती काळ वाचण्यापुरती उघडी राहील. स्थलांतरात मदत कोणत्या दराने. एपीआयचा वापर मूळ किमतीत आहे की प्रत्येक विनंतीला पैसे, हे नक्की पाहा. अन्यथा स्वतःचाच डेटा विकत घ्यावा लागतो. बँकांसाठी लिहिलेल्या रूपांतरकांची मालकी कोणाची, हा प्रश्न बहुतेक करारांत कोणी विचारतच नाही. तुम्ही विचारा.

युरोपीय संघात यातल्या काही गोष्टींना कायद्याचा आधार आला आहे. तिथला डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि क्लाउड सेवा बदलण्यातले अडथळे दूर करण्याची जबाबदारी पुरवठादारांवर आली. वित्तीय संस्थांना १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या डोरा नियमांनुसार महत्त्वाच्या तंत्रसेवांतून बाहेर पडण्याची योजना तयार ठेवावी लागते. तुमची कंपनी या नियमांत बसत नसली, तरी कराराच्या वाटाघाटीत त्यांतली भाषा उपयोगी पडते.

निवड करताना विक्रेत्याच्या तयार उदाहरणांवर विश्वास टाकू नका. तुमच्या तीन सर्वात किचकट बँकांची स्टेटमेंट, एक मध्येच फेररचना झालेले कर्ज आणि एक रद्द झालेला फॉरवर्ड द्या. हे आत घालून दाखवा, म्हणा. मग तोच डेटा बाहेर काढून दाखवा, म्हणा. दुसऱ्या मागणीवर समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर आलेल्या फाइलीत काय गहाळ आहे ते तिथेच कळते.

आठवी पायरी: स्थलांतर

सगळे एका रात्रीत बदलू नका. आधी स्टेटमेंट, मग पेमेंट. आधी एक बँक, मग बाकीच्या. स्टेटमेंटमध्ये चूक झाली तर अहवाल चुकतो, पेमेंटमध्ये झाली तर पैसा जातो. पेमेंट सुरू करताना समूहातल्याच दोन कंपन्यांमध्ये छोटी रक्कम पाठवून पाहा, मग रोजची पुरवठादार पेमेंट, आणि पगार शेवटी.

जुनी आणि नवी यंत्रणा समांतर चालवा, आणि त्या काळात किमान एक महिनाअखेर यायलाच हवी. तिमाहीअखेर आली तर अधिक चांगले. प्रत्यक्ष बदल मात्र तिमाहीच्या तोंडावर करू नका. समांतर काळात मूल्यांकनाचे आकडे पैशापर्यंत जुळणार नाहीत. व्याजवक्र (वेगवेगळ्या मुदतींच्या व्याजदरांची रेषा) बांधण्याची पद्धत वेगळी, सुट्ट्यांचे कॅलेंडर वेगळे, दर घेण्याची वेळ वेगळी. फरक शून्य करण्याच्या मागे न लागता प्रत्येक फरकाचे कारण लिहा आणि लेखापरीक्षकांना ते आधीच दाखवा. कारण सापडत नाही असा फरक कितीही लहान असला तरी पुढे जाऊ नका.

बँकांना वेळ लागतो, हे वेळापत्रकात धरा. नवीन फाइल स्वरूपाची चाचणी, चाव्यांची देवाणघेवाण, अधिकारपत्रे, संचालक मंडळाचे ठराव. तंत्रज्ञांचे काम संपले तरी कागदपत्रे अडलेली असतात.

नववी पायरी: सराव

वर्षातून एकदा ठरवून टीएमएस नसल्याचे नाटक करा. ताज्या निर्यातीतला डेटा एका रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा. बँकांचे मूळ संदेश ज्या साठ्यात आहेत तिथून त्या दिवसाची रोख स्थिती काढा आणि नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहा. मुख्य बँक बंद आहे असे धरून दुसऱ्या बँकेतून एक खरे पेमेंट पाठवा. ज्या व्यक्तीला ही कामे रोज करावी लागतात तिला त्या दिवशी रजेवर पाठवा आणि बाकीच्यांना लिहिलेल्या सूचनांवरून चालू द्या. किती वेळ लागला, कुठे अडले, कोणाचा पासवर्ड चालला नाही, कोणत्या सहीची मुदत संपली होती, हे लिहा. त्या नोंदीतली पहिली तीन कामे पुढच्या तिमाहीत पूर्ण करा. उरलेली पुढच्या सरावापर्यंत थांबू शकतात.

टीम दोन-तीन माणसांची असेल

वरच्या सगळ्या पायऱ्या एकदम झेपणार नाहीत आणि गरजही नाही. क्रम असा धरा. या आठवड्यात बँकांच्या मूळ स्टेटमेंट फाइली स्वतंत्र ठिकाणी आपोआप जतन व्हायला लावा. या महिन्यात खात्यांची यादी आणि सह्यांच्या अधिकारांची नोंद पूर्ण करा. या तिमाहीत दुसऱ्या बँकेतले खाते कामाचे करा: त्यात थोडी शिल्लक ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यातून खरे पेमेंट जाऊ द्या, कारण न वापरलेले खाते ऐन वेळी निष्क्रिय झालेले आढळते. सध्याच्या सॉफ्टवेअरचा करार नूतनीकरणाला येईल त्याच्या सहा महिने आधी डेटा बाहेर काढण्याची चाचणी करा आणि सापडलेल्या त्रुटी घेऊन वाटाघाटीला बसा. बँक जोडणीचा स्वतंत्र थर तिसरी बँक येईपर्यंत थांबू शकतो. तोवर निदान टीएमएसमधल्या रूपांतरकांचे तपशील, कोणता रकाना कशावरून भरतो ते, कंपनीच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहून ठेवा.